मढची मिसरीची केस

व्यसनमुक्ती समुपदेशक म्हटलं की लोकांना वाटतं, बाईचा नवरा पीत असणार. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलेलं नाही. ते फक्त तंबाखू विकायचे. आणि त्यांच्या शेजारी बसून मीही विकायचे.

जुन्नरच्या बाजारपेठेत आमचं किराणा दुकान. सासऱ्यांचे वडील मारवाडातून आले, ते इथलेच झाले. आम्ही जैन; घरात अजून थोडं मारवाडी बोलतो, पण भांडायचं ते मराठीतच. मला सगळे कांचनभाभी म्हणतात आणि यांना शेठ, म्हणून इथेही मी शेठच लिहिते. दुपारी ते जेवायला आत गेले की गल्ल्यावर मी. तेव्हा येणारं गिऱ्हाईक बहुतेक बायकांचं, आणि त्यांची यादी ठरलेली: गूळ, चहापत्ती, काड्यापेटी आणि तंबाखू.

तंबाखू कशाला, तर मिसरीसाठी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूचा चुरा तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुस्करायचा, डबीत भरायचा आणि बोटानं दातांना, हिरड्यांना लावून बसायचं. नाव दात घासण्याचं, काम नशेचं. पुरुषाच्या दारूची चर्चा चावडीवर होते. बाईच्या मिसरीला कुणी व्यसनच म्हणत नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका दुपारी मढ गावची मंगल दुकानात आली. विशी नुकतीच ओलांडलेली, अंगानं काटकुळी. महिन्यापूर्वी आली तेव्हा तिला आठवा चालू होता. आता पोट रिकामं आणि हातही रिकामे.

"बाळ आईकडं ठेवलं का गं?" मी विचारलं.

"न्हाई राहिलं, भाभी. ह्ये बी न्हाई राहिलं." ती तराजूकडं बघत म्हणाली. "पावशेर तंबाखू द्या."

मी दिली. तोलून, पुडी बांधून दिली. तिचं हे दुसरं बाळ गेलेलं. मला वाईट वाटलं, पण हात थांबला नाही. सवयीचे हात वाईट वाटायची वाट बघत नाहीत.

मंगल गेली. सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई साबण घ्यायला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाभी, ही दिवसातून सहा वेळा मिसरी लावते. पोटातलं मूल वाढणार कसं? आम्ही सांगून दमलो." आणि शेवटी, अगदी सहज, त्या आमच्या तंबाखूच्या डब्याकडं बघून म्हणाल्या, "तुमचं दुकान आमच्या दवाखान्यापेक्षा जोरात चालतं."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. जेवले. पण ते वाक्य काही केल्या गिळलं जाईना. आठ दिवसांनी मी त्या नर्सबाईंना गाठलं. त्यांनीच सांगितलं, मंचरच्या कम्युनिटी कॉलेजात व्यसनमुक्ती समुपदेशनाचा वर्षाचा कोर्स निघालाय, शनिवार-रविवार वर्ग, बारावी पास चालते. मी लग्नाआधी बारावी झालेली. तेव्हा वय एक्केचाळीस.

शेठना सांगितलं तर ते हसले. "दारू सोडवायला शिकणार? आपल्या दुकानात दारुडा येतो कोण?"

"दारूचं नाही. मिसरीचं."

मग ते हसायचे थांबले. डब्याकडं एकदा बघितलं, माझ्याकडं एकदा. "म्हणजे आपलंच गिऱ्हाईक आपणच तोडायचं?" एवढंच म्हणाले. सासरे आतून म्हणाले, "जाऊ दे तिला. पण सूर्य मावळायच्या आत घरी आली पाहिजे, जेवणाचा नेम मोडायचा नाही." परवानगी मिळाली, ती अशी सूर्याच्या हवाली.

जुन्नरहून नारायणगाव, तिथून दुसऱ्या एसटीनं मंचर. वर्गात आम्ही अठरा जण. एक निवृत्त हवालदार, दोन अंगणवाडीच्या ताई, एक एसटी कंडक्टर, बाकी नोकरी शोधणारी मुलं-मुली. शिकवायला थोरात सर. मनोरुग्णालयात समाजसेवक म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. आवाज इतका हळू की पंखा बंद करून ऐकावं लागे.

पहिल्याच आठवड्यात सरांनी जोड्या लावल्या. एकानं व्यसनी व्हायचं, दुसऱ्यानं समुपदेशक. माझ्या वाट्याला हवालदार आले. ते खुर्चीत मान टाकून बसले, "बाई, दारू सुटत नाही," म्हणाले आणि मी सुरू झाले. पोराबाळांचा विचार करा, सकाळी फिरायला जा, देवाचं नाव घ्या, वाईट संगत सोडा, दूध प्या, वेळेवर झोपा. हवालदार बिचारे मान डोलवत राहिले.

सरांनी घड्याळ बघितलं. "भाभी, चार मिनिटांत सहा सल्ले. तुम्ही गिऱ्हाईकासमोर माल मांडताय. त्याला काय हवंय ते विचारलंत का?"

सगळा वर्ग हसला. मला राग आला, कारण दुकानात तर मी आधी तेच विचारते.

मग सरांनी एक काम दिलं. प्रत्येकानं रोजची एक आवडती गोष्ट कोर्स संपेपर्यंत सोडायची आणि काय होतं ते वहीत लिहायचं. मी मनात म्हटलं, सोडणं आम्हाला काय शिकवता! पर्युषणात नुसत्या उकळलेल्या पाण्यावर आठ दिवस काढलेली बाई मी. चहा सोडला. अकराव्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत, पोत्यांच्या आड उभी राहून, मी बशीत ओतून चहा प्यायले. नंतर तोंड धुतलं, वास जावा म्हणून. चहाचा वास!

वहीत खरं लिहिलं. सरांनी ते वाचून विचारलं, "आठ दिवस अन्न सोडता, मग चहा का नाही सुटला?"

मला उत्तर शोधायला आठवडा लागला. उपासाला पारणं असतं, सर. नवव्या दिवशी सुटका आहे हे माहीत असतं. चहाला पारणंच नव्हतं.

"हे कुठल्याच पुस्तकात नाही," सर म्हणाले. "हे लक्षात ठेवा." त्या दिवशी एसटीत मी खिडकीशी बसून राणीसारखी घरी आले.

कोर्सचं मुख्य काम म्हणजे एक केस. एक व्यसनी माणूस घ्यायचा, सहा महिने त्याच्याकडं जायचं, प्रत्येक भेटीची नोंद करायची, आणि शेवटी पुण्याहून येणाऱ्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा. सगळ्यांनी दारूच्या केसेस घेतल्या. मी मिसरीची मागितली. सर जरा घुटमळले. "परीक्षकांना हे व्यसन वाटेल की नाही, सांगता येत नाही. नापास व्हायची तयारी आहे का?"

मी हो म्हटलं, कारण मंगलला पुन्हा तिसरा महिना लागल्याचं मला समजलं होतं.

जुन्नरजवळची गणेशखिंड ओलांडली की मढकडचा मुलूख. मंगलचं घर वाडीच्या टोकाला. नवरा भातखाचरात असायचा. घरी ती आणि सासू, हौसाबाई. हौसाबाई आमचं जुनं गिऱ्हाईक. उंच, ताठ, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारी, हिरड्या पार काळ्या. पन्नास-पंचावन्नची असेल, पण मिसरी पस्तीस-चाळीस वर्षांची.

त्यांनी पाणी दिलं, बसायला घोंगडी दिली. आणि मी, इतकं शिकूनही, पुन्हा माल मांडायला लागले. बाळाचं वजन, रक्त, सगळं पाठ केलेलं सांगितलं. मंगल खाली बघून जमीन उकरत होती. हौसाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"झालं का समदं सांगून? आता मला सांगा, भाभी. तंबाखू तुमीच इकायची आन् तुमीच आमाला सोडा म्हनायचं, ही कुठली रीत?"

मी वही पिशवीत घातली आणि उठले. परतीची एसटी दोन तासांनी होती, ते दोन तास मी फाट्यावर एकटी बसून काढले.

घरी येऊन शेठना म्हटलं, तंबाखू बंद करा. ते म्हणाले, "आज तंबाखूला दुसरीकडं गेलेली बाई उद्या गुळालाही तिकडंच जाईल. आणि मिसरी बंद होईल का? नाही. फक्त दुकान बदलेल." यात खोटं काही नव्हतं, हीच पंचाईत. शेवटी एवढंच ठरलं की माझा हात तंबाखूला लागणार नाही. गल्ल्यावर मी असताना कुणी मागितली तर "शेठ जेवून आले की या." त्यांनी विकायची, मी नाही. एकाच छपराखाली. यात प्रामाणिकपणा कितपत होता, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण पुढच्या वेळी मढला गेले ती हेच सांगायला. "हौसाबाई, तुम्ही म्हणालात ते खरं आहे. मी आता तोलत नाही, पण दुकानात आहे. आणि मला स्वतःला चहासुद्धा सुटला नाही. चोरून प्यायले."

"चोरून? सोताच्या घरात?" हौसाबाई असं हसली की तिला ठसका लागला. मंगलही पदर तोंडाला लावून हसली. त्या हसण्यात मी पहिल्यांदा योग्य प्रश्न विचारला. "मंगल, मिसरी कधी कधी लागते गं तुला?"

ती बोटं मोजायला लागली. पहाटं उठल्यावर, लावल्याशिवाय परसाकडं होत नाही. पाणी भरून आल्यावर. दोन्ही वेळा जेवल्यावर. ढोरं सोडल्यावर. मग ती थांबली. "आन् बाळांची आठवन आली की. मंग तोंडात बोट गेलं की लई बरं वाटतं." लेण्याद्रीला ती मुलासाठी नवस बोलून आली होती. तीनशेच्या वर पायऱ्या चढून गिरिजात्मजापुढं डोकं टेकलं, तेव्हाही कमरेला डबी होती म्हणाली.

मी काही बोलले नाही. सरांनी शिकवलं होतं, दुखरी गोष्ट बाहेर आली की तिच्यावर लगेच शब्दांचं पांघरूण घालू नका. पण ती गप्प जागा भरली हौसाबाईनं.

"माजी बी चार गेली," ती म्हणाली. "माज्या ल्योकाच्या आदी तीन, त्येच्या मागनं येक. कुनी म्हनलं नदर लागली, कुनी म्हनलं देवीचा कोप. तंबाखूचं कुनीच न्हाई बोललं. मिसरीचा तवा मीच तापवायची. हिच्यासाठी बी मीच भाजून देती."

"तुमचा काय दोष" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले. आजही वाटतं, माझ्या सगळ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम ते होतं: ती दोन मिनिटं गप्प बसणं.

मग हौसाबाईनं नाक पुसलं आणि सुनेला म्हणाली, "तुला येकटीला न्हाई जमायचं. मी बी सोडती. बगू कोन आदी मरतंय."

पुढचे महिने सोपे गेले असं नाही. एकदम सोडायचं नाही ठरलं. सहाची पाच, पाचाची चार. परसाकडं होण्यासाठी पहाटे कोमट पाणी. जेवणानंतर भाजलेली बडीशेप, ओवा. सगळ्यात शेवटी सोडायची ती आठवणीतली मिसरी, कारण तिच्या जागी ठेवायला माझ्याकडं काही नव्हतं. त्या वेळेला दोघींनी एकमेकींशी बोलायचं ठरवलं. सासू-सून! बोलणं म्हणजे बहुतेक भांडणच व्हायचं, पण तोंड भांडणात गुंतलं की बोट हिरडीवर जात नाही. मी वहीत तसंच लिहिलं: 'भांडण, साधारण वीस मिनिटं. उपयोग झाला.'

मला मंगलची काळजी होती. खरी ओढाताण झाली ती म्हातारीची. तिचं डोकं दुखायचं, ती भांडी आपटायची, मला बघून म्हणायची, "आली बया!" पण दर वेळी घोंगडी अंथरायची.

मंगलला सातवा लागला तेव्हा एके दिवशी सकाळच्या एसटीनं हौसाबाई एकटीच दुकानात आली. घामाघूम. गल्ल्यावर शेठ, मी मागं डाळ निवडत होते.

"भाभी, पोरीनं लावली. काल शेजारी हळद व्हती, समद्या बाया डब्या काडून बसल्या, हिनं बी बोट घातलं. मी बगितलं." बोलता बोलता तिची नजर तंबाखूच्या डब्यावर खिळली. हात थरथरत होते. तेव्हा मला समजलं, ती फक्त सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आलेली नाही.

शेठना नाही समजलं. त्यांनी वर्षानुवर्षांच्या सवयीनं झाकण उघडलं आणि विचारलं, "किती देऊ, हौसाबाई?"

तिनं पदराची पैशांची गाठ सोडली, पुन्हा बांधली. शेठनी माझ्याकडं बघितलं.

तलफेची एक गोष्ट वर्गात शिकलेले. ती वाढत वाढत जाते, वाटतं आता मरूच. पण तिला काही दिलं नाही तर पंधरा-वीस मिनिटांत ती आपोआप उतरते. पुन्हा येते, पण उतरते. मी हौसाबाईला आत घेतलं, गुळाच्या ढेपेशेजारी बसवलं, समोर भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. "मोठा काटा तिथं जाईपर्यंत बसा. नंतर हवी असेल तर शेठ देतील, मी अडवणार नाही."

ती बसली. पदराचं टोक चावत होती. मी हळदीत कोण कोण होतं ते विचारत राहिले, ती तुटक तुटक सांगत राहिली. बाहेर चार गिऱ्हाइकं थांबलेली, शेठ झाकण हातात धरून उभे. कुणाला काही तोलून देईनात, आत बघत होते. काटा तिथं पोचला. पुढं गेला. हौसाबाईनं मोठा श्वास सोडला.

"उतरली," ती म्हणाली. "आता आर्धा किलो गूळ द्या. आन् पोरीला रागवायला कवा येताय?"

"रागवायला नाही येणार. बोलायला येते."

ती गेल्यावर शेठनी झाकण लावलं. म्हणाले, "इतकी वर्षं देतोय. असे हात कापतात हे कधी बघितलंच नाही मी."

मंगलला मी रागावले नाही, ती पुन्हा मार्गाला लागली. इतका चांगला शिकलेला हा धडा मी पुढं एकदा विसरले, तेही लिहायला हवं. पेठ गावचा एक ट्रॅक्टर ड्रायव्हर, सात महिने दारूशिवाय काढलेला, एकदा पिऊन आला. त्या दिवशी मी दमलेली होते आणि त्याच्या बायकोदेखत त्याला टाकून बोलले. तो "बरं बाई" म्हणून गेला, तो परत कधी आला नाही. मी दोनदा पेठला जाऊन आले. त्यानं दार उघडलं नाही. इतक्या वर्षांत बरे झालेल्यांची नावं मी विसरले असेन, त्याचं नाही.

तोंडी परीक्षेला पुण्याचे परीक्षक आले. सोनेरी काड्यांचा चष्मा. त्यांनी माझी वही चाळली. "मिसरी? दारूची केस मिळाली नाही का?"

"मिळाली असती, सर. पण ती घ्यायला सतरा जण होते. हिच्याकडं कुणी जात नव्हतं."

"बरं. सहा महिन्यांत तुम्ही या बाईला काय काय सल्ले दिलेत?"

"पहिल्या भेटीत भरपूर. त्याचा काही उपयोग झाला नाही. नंतर एकही नाही."

थोरात सर खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

"मग व्यसन सोडवलं कुणी?"

"त्यांचं त्यांनी, सर. केस एकीची होती, सोडलं दोघींनी. मी फक्त जात राहिले."

परीक्षकांनी चष्मा काढला आणि पुढचा पाऊण तास ते मला मिसरीबद्दल विचारत राहिले. कशी भाजतात, किती वेळा, लहान मुलींना कोण शिकवतं. शेवटी तर तेच लिहून घेत होते. निकाल लागला तेव्हा वर्गात पहिली आले. हवालदारांनी पेढे आणले आणि मला कडक सलाम ठोकला.

पण माझा खरा निकाल त्यानंतर नवव्या दिवशी लागला. दुपारी हौसाबाई बाजारपेठेतून पळत आली. त्या वयात, त्या उंचीची बाई पळताना बघून लोक दुकानांतून बाहेर आले.

"झाली! मुलगी झाली! रडती बया, लई रडती! दोन किलो आठशे! दवाखान्याचा काटा हाय, भाभी, तुमच्या दुकानाचा न्हाई!"

शेठसुद्धा हसले. मी दवाखान्यात गेले. मंगल थकून पडली होती, शेजारी दुपट्यात लालबुंद मुठी. मंगल म्हणाली, "धरा की." माझ्या हातात आयुष्यभर मापं आली आणि गेली. एवढं जड माप मी कधी धरलं नव्हतं.

इथं संपवता आलं असतं. पण माझं काम इथं सुरू झालं.

दोन महिन्यांनी मढची एसटी आली आणि हौसाबाई दुकानासमोर उभी राहिली. मागं बायका. मी मोजल्या, अकरा. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या डोक्यावर बोचकं, एक तर हौसाबाईहूनही म्हातारी.

"ह्या बी सोडायचं म्हनत्यात," हौसाबाई म्हणाली. "माजं आयकत न्हाईत. बसवा ह्यांना कुटं तरी."

मी शेठकडं बघितलं. दुकानात अकरा बायका बसवायच्या कुठं? ते गल्ल्यावरून उठले, मागच्या खोलीत गेले. तिथं तंबाखूची पोती होती. एक उचललं, बाहेर ओट्यावर ठेवलं. दुसरं उचललं, तेही. मग सतरंजी झटकून अंथरली आणि म्हणाले, "या बसा. जागा झाली."

पडदा ओढून आम्ही बसलो. मी वही उघडली आणि एकेकीचं नाव लिहायला लागले. बाहेर नेहमीचं कुणी आलं असावं, कारण आवाज ऐकू आला, "शेठ, पावशेर तंबाखू द्या."

"तंबाखू नाही," शेठ म्हणाले.

"आवो, ही काय वट्यावर पोती!"

"ती परत पाठवायचीत. आपल्याकडं आता तंबाखू ठेवत नाही."

माझं पेन थांबलं. हौसाबाईनं मला कोपरानं ढोसलं.

"लिवा की, भाभी. अजून सात जनी ऱ्हायल्यात."